सवतीसाठी वाकळ

माझ्या उजव्या पायाला एक सवय आहे, ती आता या वयात जायची नाही. मुलगा गाडी चालवत असतो, मी शेजारी बसलेली असते, आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की माझा पाय आपोआप खाली दाबला जातो. तिथे काहीच नसतं, नुसती रबरी चटई. मुलगा हसतो. म्हणतो, आई, ब्रेक माझ्याकडे आहे. त्याला काय सांगणार? माझी कॉलेजची वर्षं एका पेडलवर पाय ठेवून गेली. बाबा गाडीखाली आडवे, मी स्टिअरिंगमागे, आणि खालून येणारे तीन शब्द. दाब. धर. सोड. दाब म्हटलं की पेडल दाबायचं, धर म्हटलं की तसंच धरून ठेवायचं. तेवढ्यात बाबा चाकामागचा बारीक स्क्रू सैल करून नळीतली हवा बाहेर काढत, स्क्रू पुन्हा आवळत आणि म्हणत, सोड. की पुन्हा दाब. मैत्रिणी दिल्लीला सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर घ्यायला जायच्या आणि मी घरी बसून हवा काढायचे. लग्नाच्या बोलण्यांत मुलाकडच्या एकीनं विचारलं होतं, मुलीला काय काय येतं? आई पटकन म्हणाली, भरतकाम.

आम्ही फरीदाबादला एका सेक्टरात राहायचो. पुढे लोखंडी गेट, मग पोर्च, मग दोन खोल्या आणि मागे नळाजवळ कपडे धुवायची जागा. बाबा विदर्भातले. डिप्लोमा करून इकडे आले आणि ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात लागले. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, फिरवून पाहायचा, मापायचा आणि पास किंवा फेल म्हणायचं, हे त्यांचं काम. त्यांनी फेल केलेला भाग मोठ्या साहेबालाही पास करता येत नसे, हे ते आम्हाला जेवताना सांगत, आणि आई म्हणे, भाजी तेवढी पास करा आता. मग सगळं नवं यायला लागलं. रस्त्यावर परदेशी गाड्या आल्या, टीव्हीवर चॅनेलं आली, शेतांच्या कडेला नव्या कॉलन्यांच्या मोठाल्या कमानी उभ्या राहिल्या, ज्यांच्या मागे अजून एकही घर नव्हतं. कारखान्यात परदेशी भागीदार आला आणि त्याच्याबरोबर तपासणी करणारी यंत्रं आली. बाबांना खिडकीजवळ नवं टेबल मिळालं. टेबलावर काम नव्हतं. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा राबून आलेल्या माणसापेक्षा जास्त दमलेले असत. काम नसल्याचा शीण वेगळाच असतो, तो झोपेनं जात नाही. मी स्वतः निवृत्त झाले तेव्हा मला तो कळला.

गाडी आली ती याच दिवसांत. दोन दारांची, जुनी, विलायती नमुन्याची, कधीकाळी निळी असलेली. बाबांचे दोस्त खुराना अंकल त्याच खात्यात होते, त्यांनाही तसंच एक टेबल मिळालं होतं. दोघांनी मिळून ती भंगारवाल्याकडून ओढत आणली आणि आमच्या पोर्चमध्ये उभी केली. सुट्टीच्या दिवशी दोघं तिला उघडायचे आणि पुन्हा बंद करायचे. आईनं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव सवत ठेवलं. सवत आज जेवली का, सवतीला आंघोळ घातली का, असं ती मला विचारायची, बाबांच्या कानावर जाईल अशा आवाजात. आमच्या घरात नवरा-बायको एकमेकांशी फारसं थेट बोलत नसत, माझ्यातर्फे बोलत. भांडण नव्हतं, रीतच तशी पडली होती. तुझ्या बाबांना विचार, भात वाढू का. तुझ्या आईला सांग, वाढ म्हणावं. आणि तिघं एकाच ताटाच्या अंतरावर बसलेले.

हिवाळ्यात काही रविवारी शर्यत असे. फरीदाबादच्या बाहेर, शेतांच्या बाजूला, विमानांची एक जुनी सोडून दिलेली धावपट्टी होती. हौशी लोकांच्या एका क्लबानं तिथे ड्रम आणि गवताचे भारे लावून वळणं केली होती, आणि जुन्या गाड्यांवर जीव असलेली माणसं तिथे त्या पळवायची. बाबा बूट काढून, अनवाणी पायानं चालवत. म्हणत, बूट घातला की ब्रेक काय बोलतो ते कळत नाही. मी आणि खुराना अंकल कडेला उभे राहायचो. आई कधी आली नाही. सकाळी ती तिखट पुऱ्या करून द्यायची, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, आणि ही सवतीसाठी नाही, असं कुणी न विचारता सांगायची. संध्याकाळी गेटचा आवाज आला की मगच ती गोळाभाताला, बेसनाचे गोळे घालून शिजवलेल्या भाताला, फोडणी घाली. लसूण तडतडल्याचा तो आवाज म्हणजे बाबा धड आले, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आजही कुठे लसणाची फोडणी ऐकली की मला उगाच हायसं वाटतं.

पहिल्या हिवाळ्यातच बाबांची टाच भाजली. त्या गाडीचा धुराचा पाइप नेमका पायाखालून जायचा, लोखंड तापायचं, आणि हे अनवाणी. टाचेला फोड आला तो त्यांनी लपवला. आईनं तो अंथरुणात पाहिला. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ती सुई घेऊन उन्हात बसायला लागली. जुन्या सुती लुगड्यांचे थरावर थर ठेवून, दाट टाके घालत, तिनं पेडलांखाली बसेल एवढी लहानशी वाकळ शिवली. वाकळ म्हणजे गोधडीच. तिच्या माहेरचा शब्द, दिल्लीकडच्या आमच्या मराठी मंडळात म्हटला की मुलं विचारायची, वो क्या होता है? वर मरून रंगाचं लुगडं होतं, माझ्या आजीचं. पुढच्या शर्यतीच्या सकाळी बाबा दार उघडून बसले तर पायाखाली वाकळ. त्यांनी तिच्यावर पाय ठेवला, जरासा हलवून पाहिला आणि गाडी सुरू केली. आभार वगैरे नाही. त्या दिवसापासून शर्यतीहून गाडी आली की आई वाकळ काढून घ्यायची, धुवायची, गच्चीवर वाळवायची आणि पुढच्या शर्यतीच्या आधी परत घालायची. अंथरुणपांघरुणाच्या बाबतीत ती कडक होती. घामट कापड तिला घरात चालत नसे, मग गाडीत कसं चालेल.

पुढच्या हिवाळ्यात ब्रेकचं ऑइल कमी व्हायला लागलं. बॉनेटखाली एक छोटा डबा असतो, त्यावर खुणेची रेघ. शर्यतीला जाताना ऑइल रेघेवर, येताना रेघेच्या खाली. बाबांनी भरलं, पुन्हा खाली. ऑइल गेलं की नळीत हवा शिरते, हवा शिरली की पेडल मऊ पडतं, आणि एका क्षणी ते जमिनीला टेकतं पण गाडी थांबत नाही. एवढं मला तेव्हाही कळत होतं, म्हणून त्या हिवाळ्यात गाडीजवळून जाताना मी दर वेळी एकदा पेडल दाबून पाहायचे. बाबांनी चारी चाकं काढली. आत गळत असेल तर ब्रेकचे शू, चाकाला आतून घासणारे पट्टे, ओले दिसायला हवेत, ते कोरडे खडखडीत. तरीही चारी चाकांतली रबरं बदलली. नळ्यांवरून पांढरं फडकं फिरवलं, जोडाजोडाशी थांबून, फडकं पांढरंच. गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली, सकाळी उलटून पाहिली, एक ठिपका नाही. मग मी बसायचे, दाब, धर, सोड, पेडल दगडासारखं घट्ट व्हायचं, आणि पुढच्या शर्यतीला पुन्हा तेच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधलेला हा माणूस. कारखान्यानं त्यांचे डोळे आणि हात बाजूला ठेवले ते ठेवले, पण आता स्वतःच्या पोर्चमध्येही त्यांना खोट सापडेना. ते गाडीखालून बाहेर येत आणि तिथेच चाकाला टेकून बसून राहत. मी चहा दिला तर तो गार होई.

खुराना अंकलचं म्हणणं सोपं होतं. "मेश्राम जी, इंजन की गर्मी में तेल उड जाता है. बस." बाबांना ते पटत नव्हतं. तेल हवेत जात नाही, कुठेतरी जातंच, असं ते म्हणायचे. एका संध्याकाळी, थकलेले असताना, त्यांच्या तोंडून निघून गेलं की जोड आवळताना खुरानांचा हात हलका पडत असेल. तपासणी खात्यातल्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. अंकलनी हातातला पाना खाली ठेवला, रुमालाला हात पुसले आणि आईला नमस्ते भाभीजी म्हणून गेले. त्यानंतर ते आमच्या गेटमधून आत आले नाहीत. कारखान्यात दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर काम नसताना, न बोलता बसत. त्या दिवसांतली बाबांची ही अवस्था मला सगळ्यात वाईट वाटते, गाडीपेक्षाही.

त्यानंतरच्या शर्यतीला आम्ही दोघंच गेलो. शेवटच्या फेरीत, लांब पट्टीच्या टोकाला वळण होतं, तिथे बाबांची गाडी हळू झालीच नाही. ती सरळ गवताच्या भाऱ्यांत घुसली. आवाज फारसा झाला नाही. मी धावत गेले तर बाबा दार उघडून बाहेर आले होते, डोक्यावर, खांद्यावर गवत. पेडल खाली गेलं, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, आईला सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल. गवताच्या पलीकडे बांध होता आणि बांधाच्या पलीकडे खोल पाट. आम्ही दोघांनी तो पाहिला आणि दोघंही त्याबद्दल बोललो नाही. परतीच्या वाटेवर ते हातब्रेक ओढत ओढत, सायकलच्या वेगानं गाडी चालवत होते. घरी गेल्यावर लसणाची फोडणी झाली, आम्ही जेवलो. मला एकही घास गोड लागला नाही.

पुढच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाबा गाडीखाली होते. चांगलं ऊन पडलं होतं. त्यांनी पुन्हा सगळं तपासलं होतं, पुन्हा काही सापडलं नव्हतं, आणि तरी ते उद्या जाणार होते. मी पेडलवर पाय ठेवून बसले होते आणि हा माणूस उद्या परत आला नाही तर काय, एवढा एकच विचार डोक्यात होता. गवतात घुसल्याचं आईला सांगून टाकावं असं मी ठरवत होते, तेवढ्यात आई गच्चीवरून वाळलेली वाकळ हातावर घेऊन आली. ती माझ्या दारापाशी थांबली आणि माझ्याकडे बघून, पण गाडीखालच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलली.

"सुजाता, तुझ्या बाबांना म्हणावं, भीती वाटत असेल तर उद्या जाऊ नका. त्यात लाज कसली."

खालचा पाना थांबला. बाबा सरपटत बाहेर आले. मला मधे न घेता त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं मला भीती वाटते?"

"वाकळ सांगते. या हिवाळ्यात दर खेपेला ओली असते. मागच्या खेपेला गवताच्या काड्या चिकटून आल्या होत्या. मी काय आंधळी आहे?"

आईचा हिशेब तिच्या परीनं बरोबर होता. बाबा शर्यतीला जाताना गुडघ्याला औषधी तेल चोळत. त्यांच्या तळहाता-तळपायांना पहिल्यापासून घाम. घाम आणि तेल मिळून वाकळ ओली, बुळबुळीत होत असणार, असं तिनं धरलं होतं. नवरा घाबरतो आणि घाबरूनही जातो, हे तिला दर खेपेला धुताना कळत होतं, आणि त्याला ते कळू नये म्हणून ती वाकळ लगेच उचलून पाण्यात घालत होती. बाबांनी फडक्याला हात पुसले. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, ओली कुठे असते. आईनं बोट ठेवलं. मरून लुगड्याचा रंग तिथे तळहाताएवढ्या जागेत उडाला होता. इतके दिवस मीही ती वाकळ पाहिली होती, वाळत घातली होती, आणि जुनं लुगडं आहे, विटणारच, असंच समजले होते.

बाबांनी मला उठवलं आणि ते स्वतः बसले. वाकळ खाली घातली, टाच ठेवली. टाच आली अलीकडे. रंग उडालेली जागा होती पलीकडे, बरोबर पेडलच्या खाली, जिथे पाय टेकत नाही. त्यांनी वाकून पेडलच्या मागे, वर, अंधारात हात घातला. बोटं बाहेर काढली तेव्हा ओली होती. त्यांनी ती हुंगली आणि डोळे मिटून तसेच बसले.

तपशील नंतर कळला. पेडलच्या पलीकडे लोखंडाचं एक नळकांडं असतं, पाय दाबला की तेच चारी चाकांकडे ऑइल ढकलतं. त्याच्या मागच्या तोंडाची रबरी वाटी झिजली होती. पोर्चमध्ये गाडी गार असताना ती धरून ठेवायची. शर्यतीत तापली की सैल पडायची, आणि ऑइल चाकांकडे जायच्या ऐवजी पेडलच्या दांड्यावरून आत, पायाशी उतरायचं. तिथे सात पदरांची वाकळ ते पिऊन टाकायची. ब्रेकचं ऑइल पाण्यात विरघळतं, डाग ठेवत नाही, नुसता रंग खातं. आम्ही तपासायला बसायचो तेव्हा वाकळ गच्चीवर दोरीला टांगलेली असायची, स्वच्छ, आणि आम्ही खाली पोर्चमध्ये गाडीखाली वर्तमानपत्रं पसरायचो.

"इतके दिवस धूत होतीस?" बाबांनी विचारलं.

"मग काय तशीच ठेवू?"

मला दोघांचा भयंकर राग आला. एकानं गाडी गवतात घुसली ते सांगायचं नाही, दुसरीनं दिसलं ते सांगायचं नाही, आणि मधल्या मधे मी भात वाढू का विचारत फिरायचं. मी आत जाऊन भांडी आपटली. थोड्या वेळानं पोर्चमधून बोलण्याचा आवाज आला, दोघांचाच, मधे माझं नाव न घेता. मी भांडी आपटायचं थांबवलं. बाबा म्हणत होते, तुला वाटलं मी घाबरतो, आणि तरी बोलली नाहीस. आई म्हणाली, "लग्नात माझा हात धरला तेव्हाही तुमचा हात असाच ओला होता. तेव्हा तरी मी कुठे बोलले?"

त्या रविवारी गाडी गेली नाही. बाबा सकाळी दाढी करून खुराना अंकलकडे गेले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण येताना दोघं एका स्कूटरवरून आले आणि अंकल आईला म्हणाले, "भाभीजी, आपने पूरा डिपार्टमेंट फेल कर दिया." नंतर दोघांनी दिल्लीतलं काश्मिरी गेटचं स्पेअर पार्टचं मार्केट पालथं घातलं, त्या मापाची रबरी वाटी मिळवली आणि बसवली. हवा काढायला अर्थात मीच. दाब, धर, सोड. बाबांनी नळकांडं, जोड, सगळं पुन्हा पाहिलं आणि पुष्कळ महिन्यांनी मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. पास.

हिवाळ्यातली शेवटची शर्यत राहिली होती, तिला ते गेले. आईनं नेहमीप्रमाणे वाकळ घातली. त्या दिवशी गाडी लांब पट्टीच्या टोकाला आली, हळू झाली आणि वळली. बाकी सगळ्या गाड्या पुढे होत्या, पण ते कुणी बघत नव्हतं, निदान मी आणि अंकल तरी. घरी आल्याबरोबर दोघांनी बॉनेट उघडलं. ऑइल रेघेवर. बाबांनी आतल्या खोलीकडे तोंड करून ते मोठ्यानं सांगितलं, आणि दमून पोर्चच्या पायरीवर बसले. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू होतं.

आईनं वाकळ उचलली आणि मागे नळाशी नेली. मीही गेले. तिनं ती उजेडात धरली. पेडलखालची जागा, रंग उडालेली, कोरडी होती. मग तिचा हात अलीकडे, टाचेच्या जागेवर आला आणि थांबला. तिनं तिथे तळहात दाबून धरला, बोटं नाकाशी नेली. ऑइलचा वास नव्हता. मी हात लावून पाहिला. लुगडं चांगलंच ओलं होतं.

पुढून बाबांचा आणि अंकलचा हसण्याचा आवाज येत होता. आईनं वाकळ बादलीत बुडवली आणि बाह्या वर केल्या.

"आत जा," ती म्हणाली. "चहा टाक त्यांना. साखर जरा जास्त घाल."